पूजेतला सीपीयू आणि अप्पांवरचा आळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ऑफिसात दर वर्षी 'मनमोकळं बोला' म्हणून जे सत्र घेतात (तिथे मनमोकळं बोललेला एकजण पुढच्या तिमाहीत दिसला नाही) त्यात तर नाहीच नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांवर कॉम्प्युटर बिघडवल्याचा आळ आला. तो आळ खोटा होता. तो घेणारा मीच होतो.

एवढंच? हो, एवढंच! मी कोणाचा खून केला नाही, बँक बुडवली नाही. तरीही तीन वर्षं झाली, दसरा जवळ आला की मला श्रीखंडसुद्धा गोड लागत नाही.

आधी माझी बाजू. मी जयंत. पुण्याचा. वीस वर्षांपूर्वी 'फक्त दोन वर्षांसाठी' बंगळुरूला आलो आणि व्हाइटफील्डच्या एका गृहसंकुलात चौदाव्या मजल्यावर अडकलो. सव्वीस वर्षं आयटीत आहे. आता आयटीतल्या माणसाचे घरी काय हाल असतात ते आयटीतल्या माणसालाच ठाऊक. गिझर बंद? जयंतला विचारा, तो आयटीत आहे. लिफ्ट अडकली? जयंत! मावशीच्या कानाचं यंत्र शिट्टी वाजवतंय? जयंत!! मी विमा कंपन्यांच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर लिहितो हो! कॉम्प्युटरच्या डब्यात काय असतं याबद्दल मला जेवढी माहिती आहे, तेवढीच म्हशीच्या पोटात काय असतं याबद्दल आहे. दोन्हीकडून काय बाहेर येतं ते तेवढं कळतं. हेही आज पहिल्यांदाच कबूल करतोय आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. रेल्वेत तिकिटं तपासणाऱ्याला कोणी इंजिन खोलायला सांगतं का?

आता अप्पा. अप्पा म्हणजे वसुधाचे, माझ्या बायकोचे, वडील. चामराजपेटेत चार पिढ्या राहिलेलं मराठी घर. मराठी घट्ट धरून ठेवलेली, पण मधेमधे कन्नड असं मिसळलेलं की भातातली डाळ वेगळी काढावी लागेल. अडतीस वर्षं एका कारखान्यात लेथवर होते. त्या अडतीस वर्षांत 'माझ्या हातून एकदाही मशीन मोडलं नाही' हे ते कोणत्याही विषयात आणून बसवतात. लग्नाच्या बोलणीत माझ्या पगाराबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं त्यांनी. विचारलं एवढंच, "तुमच्या हातून आजवर काय काय मोडलंय?" (मी खोटं बोललो. म्हणजे सवय जुनी आहे.)

सासूबाई गेल्यावर अप्पा आमच्याकडे आले. आणि चौदाव्या मजल्यावर त्यांना करायला काही उरलं नाही. भाजी मोबाइलवरून येते, बिलं मोबाइलवरून जातात, नळ गळला तर संकुलाचा प्लंबर. अप्पा सकाळी अंघोळ करून, परीटघडीचा शर्ट घालून, कोणी काही मोडलंय का याची वाट बघत बसायचे. वर्षातला एकच दिवस घर त्यांच्या ताब्यात असायचं. आयुधपूजा! आपली खंडेनवमी. पण आपल्याकडे खंडेनवमीला पाटावर चार हत्यारं मांडतात आणि हळदकुंकू वाहून मोकळे होतात. इथे अख्खं शहर आपलं पोट भरणाऱ्या वस्तूसमोर हात जोडतं. ऑटोंना केळीचे खुंट, बसला झेंडूच्या माळा, रस्तोरस्ती कुंकू भरून फोडलेले कोहळे. आणि पूजेत बसलेली आयुधं दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाहीत. ती विश्रांतीवर.

आमच्या घरात त्या वर्षी विश्रांतीवर कोण कोण होतं? अप्पांची जुनी हत्यारपेटी. सगळ्या सुऱ्या, विळी, कात्र्या. माझा लॅपटॉप. गाडी (तळघरात, लिंबांवर). आणि वसुधाचा डेस्कटॉप. वसुधा घरांचे नकाशे काढते, तिची चित्रं भारी जड, ती लॅपटॉपला पेलत नाहीत. म्हणून घरात हा एक रांजणाएवढा सीपीयू. अप्पांनी त्याला गंध लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ घातली आणि आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं.

"अप्पा, पाणी बेतानं हं," वसुधा म्हणाली.

"अगं, लेथला अडतीस वर्षं शिंपडलं. एकदा शिंक नाही आली त्याला!"

तर पेच असा होता. येलहंकेत हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं घर बांधायचं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर काम सुरू, आणि सुधारलेले नकाशे दसऱ्याला दुपारी बाराच्या आत त्यांच्या हातात हवेत. बारा म्हणजे बारा! आयुष्यभर विमानं वेळेवर उडवलेला माणूस. वसुधाचं तासाभराचं काम उरलं होतं. नवमीला दुपारी चार वाजता तिने अप्पांकडे अर्ज केला.

"अप्पा, एकच तास. प्लीज."

अप्पांनी डोळे मिटून कायदा तपासला. "सरी. बरं, पोटाचं काम आहे, तर कॉम्प्युटर सुटतो. बाकी कुणी हलायचं नाही. आणि माळ काढायची नाही."

वसुधाने माळ बाजूला सारून बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. दाबून धरलं. मॉनिटर उजळला आणि 'सिग्नल नाही' असं म्हणून मिटला. सीपीयू मात्र ढिम्म. ना दिवा, ना घरघर. गंधाचा टिळा लावून, माळ घालून असा शांत बसलेला की वाटावं पूजेला बसलेला यजमानच आहे.

आणि मग घरातल्या सगळ्या माना वळल्या. कोणाकडे? आयटीकडे!

"बघ ना रे जयंत."

"बघतो," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून गंभीर चेहऱ्याने बसलो. सव्वीस वर्षांत मी एवढं एकच कमावलंय, गंभीर चेहरा. त्या चेहऱ्याने मी कॉम्प्युटरभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"तू काल पुसताना काही हलवलं नाहीस ना?" वसुधाने विचारलं.

"मी? मी हातसुद्धा लावला नाही!"

इथे थांबतो. हे वाक्य खोटं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी अप्पांनी माझ्या हातात फडकं दिलं होतं. "जावईबापू, स्वल्प मागूनही पुसा. देव मागूनही बघतो." मी टेबल हातभर ओढून, आत हात घालून, डोळे न घालता, जे हाताला लागेल ते खसाखसा पुसलं होतं. पण त्याच आठवड्यात मी फडक्याने वसुधाच्या टेबलावरची एका बंगल्याची कागदी प्रतिकृती भुईसपाट केली होती, आणि तिच्या टेबलाच्या दोन फुटांत मला प्रवेशबंदी झाली होती. म्हणून 'हातसुद्धा लावला नाही'. घरगुती, निरुपद्रवी खोटं! नवरे दिवसाला अशी सहा बोलतात.

मी तपासणी सुरू केली. भिंतीवरच्या प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावला. चालतोय. त्या प्लगांच्या लांबट पट्टीत टेबल फॅन लावला. भन्नाट चालला, वसुधाचे सगळे कागद उडाले. सीपीयूची केबल मागून काढली, फुंकली, घातली. काढली, पुसली, घातली. असं चार वेळा. मागच्या अंगाला जिथे ती केबल शिरते ना, तिथे माझी बोटं त्या दुपारी किमान अर्धा तास होती. हे लक्षात ठेवा. मी ते अजून विसरलेलो नाही.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले देशमुख आले. मूळचे नागपूरचे, ते पण आयटीतले.

"काऊन जयंतभाऊ, चालू नाही होऊन राह्यलं का?"

"नाही ना."

"रीस्टार्ट मारून पाह्यलं का?"

"देशमुख, ते स्टार्टच होत नाहीये!"

"मंग रॅम हलली असंल. काढा, खोडरबरानं घासा, लावून द्या. आमच्या पोट्टीचं तसंच झालतं." देशमुखांनी निदान केलं आणि सोफ्यावर बसून प्रसादाचे चुरमुरे खाऊ लागले.

खोडरबर होतं. पण डबा खोलायला स्क्रूड्रायव्हर हवा. आणि स्क्रूड्रायव्हर कुठे? पूजेत!

"अप्पा, दोन मिनिटांसाठी..."

"आग्दी शक्य नाही." अप्पा हत्यारपेटीसमोर मांडी घालून बसले. "कॉम्प्युटरला परवानगी दिली. पेटीला नाही."

"पण अप्पा, हेही पोटाचंच काम आहे!"

"चालवणं हे पोटाचं काम. खोलणं हा अधाशीपणा."

"देशमुख, तुमच्याकडचा?"

"पेचकस? तो बी पूजेत हाय ना! बायको म्हैसूरची हाय माझी."

मी इंटरकॉमवरून तेरावा मजला विचारला, बारावा विचारला. संकुलाच्या देखभाल खात्याला फोन केला. तिथल्या माणसाने मला 'हॅपी आयुधपूजा सार' म्हणून शुभेच्छा दिल्या आणि उद्या या म्हणून सांगितलं. व्हाइटफील्ड! देशाचं अर्धं सॉफ्टवेअर जिथून निघतं म्हणतात, तिथे त्या दुपारी चारशे फ्लॅटमध्ये एक स्क्रूड्रायव्हर मोकळा नव्हता. सगळे हळदकुंकू लावून पाटावर झोपले होते.

मी स्वयंपाकघरातून सुरी आणायला गेलो. पूजेत. (त्या रात्रीची भाजी वसुधाने उकडलेले बटाटे मुठीने फोडून केली.) नेलकटर उचललं.

"जावईबापू! नेलकटरही आयुधच!"

शेवटी मी खिशातून पाचाचं नाणं काढलं आणि अप्पांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "हे आयुध आहे?" अप्पांनी बराच विचार केला. "त्याची पूजा धनत्रयोदशीला," म्हणाले. "आज चालेल." सीपीयूच्या स्क्रूंच्या डोक्यावर नशिबाने आडवी खाच होती. पंचेचाळीस मिनिटं, दोन सोललेली बोटं आणि देशमुखांच्या तीन वाट्या चुरमुऱ्यांनंतर बाजूचा पत्रा निघाला.

आत धूळ होती, वायरी होत्या, पंखे होते. यांतलं रॅम कोण, हे मला माहीत नव्हतं. (देशमुखांनाही नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे गंभीर चेहऱ्याने बघितलं. दोन आयटीवाल्यांमधली ती सगळ्यात प्रामाणिक नजर असावी.) घासता येण्याजोगं जे दिसलं ते घासलं, लावलं, बटण दाबलं. ढिम्म!

आणि मग मला ते दिसलं. तळाशी, एका जाळीजवळ. झेंडूची एक पाकळी. तिच्या शेजारी एक अक्षत. कुंकू लागलेली.

मी ती पाकळी दोन बोटांत धरून वर उचलली. खरं सांगतो, त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं! तासाभरापासून मला काही येत नाही हे उघडं पडायच्या बेतात होतं, आणि आता एक कारण हातात होतं. रंगीत, सगळ्यांना दिसेल असं, आणि माझं नसलेलं.

"ओल गेली आत," मी जाहीर केलं. "फुलं गेली म्हणजे पाणीही गेलंच. शॉर्ट झालंय."

"असंच असंल," देशमुख म्हणाले. ते नेहमी बहुमताबरोबर असतात.

वसुधा अप्पांकडे वळली. "अप्पा! किती वेळा सांगितलं होतं! लेथ वेगळा, हे वेगळं! आता मी उद्या बाराला काय देऊ त्यांना? तुमचं पाणी?"

नेलकटरसाठी माझ्याशी भांडणाऱ्या अप्पांनी पाकळीकडे बघितलं. आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "सरी," म्हणाले, आणि उठून बाल्कनीत गेले. अडतीस वर्षांचा हिशेब एका पाकळीने बुडवला होता.

वसुधाने उरलेली संध्याकाळ हेअर ड्रायरने सीपीयू वाळवला. तो वाळला. चालू झाला नाही.

दसऱ्याला सकाळी सहा वाजता अप्पा तयार होऊन दारात उभे. "चामराजपेटेला चला. लक्ष्मक्का बघेल." लक्ष्मक्का म्हणजे अप्पांच्या जुन्या घरासमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी पन्नाशीची बाई. अप्पांनी उत्तरपूजा करून गाडी सोडवली, पण चामराजपेटेत गाडी लावायला जागा मिळण्यापेक्षा मोक्ष मिळणं सोपं, म्हणून मेट्रो. सीपीयू मी कडेवर घेतला. त्याची माळ उतरवायला अप्पा तयार नव्हते. "ज्यानं बिघडवलं, त्यानं उत्तरपूजा करू नये. नीट झाल्यावर लक्ष्मक्काच करेल." वसुधाने तोंड फिरवलं आणि घरीच थांबली. मी लिफ्टचं बटण दाबलं.

मेट्रोच्या सुरक्षारक्षकाने आम्हाला थांबवलं. "सार, इदु एनु?"

"कॉम्प्युटर."

"हार याके?" माळ कशाला, म्हणून त्याने विचारलं.

अप्पांनी त्याला कन्नडमध्ये सगळी हकिगत सांगितली. पाकळीसकट. आपल्या हाताने कसं झालं ते दाखवलंसुद्धा! रक्षक हळहळला. मागची रांग हळहळली. एका बाईंनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून "परवागिल्ल अज्जा," काही हरकत नाही, असं सांत्वन केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की म्हाताऱ्याला असं वागवतोस होय! डब्यात दोघांनी उठून जागा दिली. एक अप्पांना, एक सीपीयूला. मी उभा! तासभर, मांडवात हरवलेल्या करवल्यासारखा, माळ घातलेल्या त्या डब्याचा तोल सांभाळत.

लक्ष्मक्काच्या दुकानात तिची स्वतःची उत्तरपूजा चालली होती. आयुधं अजून पाटावर. "पाच मिनट, सर," म्हणाली. अप्पांना तिथे उभं राहवेना. "मी देवळात जाऊन येतो," म्हणाले, "नारळ फोडतो," आणि गेले.

लक्ष्मक्काने आरती संपवली. स्क्रूड्रायव्हरला नमस्कार करून तो उचलला. सीपीयू उचलून टेबलावर पाठमोरा ठेवला, केबल लावली. मी जाणकार माणसासारखं हिंदीत सांगू लागलो, "अंदर पानी गया है, शायद शॉर्ट..." ती मागे बघत होती. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. करंगळीचं नख पुढे केलं. केबलच्या शेजारी, दोन बोटांवर, एक काळं चपटं बटण होतं.

टक्!

मग पुढचं बटण दाबलं. घर्रर्र! दिवा! पंखे! झेंडूची माळ वाऱ्याने डुलायला लागली.

"सर, पीछे का बटन ऑफ था," लक्ष्मक्का म्हणाली. "किसी ने जोर से पोंछा क्या?"

आता हसा! खुशाल हसा! पण हसून झालं की सांगा, तुमच्या कॉम्प्युटरला मागे असं बटण आहे का? नाही ना सांगता येत? इतकी वर्षं आयटीत असून मलाही येत नव्हतं. ज्याने कोणी ते बटण मागे, अंधारात, देवालाच दिसेल अशा ठिकाणी बसवलं, त्याला का कोणी जाब विचारत नाही?

"और पाकळी?" मी घाईने विचारलं. "चावल? पानी?"

लक्ष्मक्काने खण उघडून दाखवला. त्यात एका बरणीत कुंकू लागलेल्या अक्षता, वाळलेल्या पाकळ्या आणि एक अख्खी सुपारी होती. शहरातल्या निम्म्या कॉम्प्युटरांतून निघालेला ऐवज. "इससे कुछ नहीं होता," म्हणाली.

तेवढ्यात अप्पा आले. हातात नारळाची भकलं, कपाळाला अंगारा. चालू कॉम्प्युटर बघून त्यांचे डोळे भरून आले. "काय झालं होतं?"

लक्ष्मक्काने माझ्याकडे बघितलं. ही ती वेळ होती. एक वाक्य, आणि संपलं असतं. पण त्या एका वाक्यात माझी आयटीतली सगळी वर्षं होती, ते फडकं होतं, 'हातसुद्धा लावला नाही' होतं, मेट्रोतल्या त्या बाई होत्या. लक्ष्मक्काला कळू नये म्हणून मी शुद्ध मराठीत म्हणालो:

"ओल गेली होती, अप्पा. त्यांनी वाळवून दिला."

अप्पांनी त्या डब्यासमोर दोन्ही कान धरले. "चुकलं माझं," म्हणाले. शहात्तर वर्षांचा माणूस. डब्याला!

अप्पा दुकानाबाहेर ऑटो बघायला गेले. मी सीपीयू उचलला, तशी लक्ष्मक्का हळू आवाजात म्हणाली, "जावईबापू."

मी थबकलो. हा शब्द तर अप्पांचा.

"तीस वर्षं यांच्या समोर राहते मी. मराठी कळतं मला. स्वल्प नाही. पूर्ण."

मला सीपीयू एकाएकी फार जड वाटू लागला.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. सांगाल ना?"

"हो हो. सांगतो."

"यावाग?" कधी?

"घरी गेल्यावर. लगेच."

घरी गेल्यावर लगेच काय झालं ते सांगतो. नकाशे अकरा वाजून पन्नास मिनिटांनी येलहंकेला पोचले. वसुधाने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "बघ, तुझं आयटी शेवटी घरच्या कामाला आलं." मुलीने माझा फोटो काढला. देशमुख "मी म्हटलंच होतं, ओल" असं म्हणत पुन्हा चुरमुऱ्यांना आले. अशा वातावरणात कोण सांगेल? तुम्ही सांगितलं असतं? शपथेवर?

मला वाटलं होतं, आठवड्यात विसरतील. वसुधा विसरली. देशमुख विसरले. अप्पा विसरले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्यांना गंध लावलं, पेटीला, विळीला, माझ्या लॅपटॉपलाही एक कोरडा टिळा. डेस्कटॉपपाशी आले आणि थांबले. तबक माझ्या हातात दिलं. "तुम्ही करा, जावईबापू. माझा हात आता ओला झाला." त्याच्या पुढच्या वर्षी खोलीत आलेच नाहीत. उंबऱ्यावरून हात जोडले. आता घरात काही बिघडलं की उठून बघत नाहीत. मागच्या महिन्यात मिक्सर बंद पडला. त्यांचाच प्रांत! पेटी शेजारी असताना म्हणाले, "बाहेरून कोणाला तरी बोलवा." आणि हो, 'माझ्या हातून एकदाही मशीन मोडलं नाही' हे वाक्य मी तीन वर्षांत ऐकलेलं नाही. एके काळी ते वाक्य ऐकून मला वैताग यायचा. आता मी मुद्दाम लेथचा विषय काढतो, कारखान्याचा काढतो, वाट बघतो. अप्पा "हं" म्हणतात.

तर आयटीतला असून मला मागचं बटण माहीत नव्हतं, याची मला लाज नाही. चौदा मजल्यांना ओरडून सांगेन! फडकं जोरात चालवलं याचीही नाही. पुसायला सांगितलं, पुसलं. इथवर माझी मान ताठ आहे. त्यापुढे ती वळते, आणि बाल्कनीत परीटघडीचा शर्ट घालून बसलेले अप्पा दिसतात.

परवा नवमी आहे. अप्पा पलीकडच्या खोलीत आहेत, मधे एक भिंत. मी इथे तासभर बसून तुम्हाला, म्हणजे ज्यांना मी ओळखतही नाही त्यांना, सगळं सांगून टाकलं. अप्पांना मी देणं लागतो ते एक वाक्य, तेही वसुधासमोर, मोठ्यानं: "अप्पा, ते बटण मीच बंद केलं होतं." सात शब्द. ते अजून दिलेले नाहीत.